लग्नातल्या ऑर्केस्ट्राची यादी

लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष गाऊन-वाजवून दाखवणाऱ्या ऑर्केस्ट्राला स्वतःची गाणी नसतात. दुसऱ्यांनी बांधलेली आणि दुसऱ्यांनी गाजवलेली गाणी तो म्हणतो. त्यामुळे त्याची खरी हुशारी कळते ती कोणती गाणी घेतली आणि कोणत्या क्रमाने म्हटली यावरून. गळा, वाद्ये आणि साऊंड यांचा विचार त्यानंतर. हैदराबादेत हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा या पट्ट्यात होणाऱ्या मराठी घरांतल्या लग्नांत ही निवड पुण्या-नांदेडपेक्षा अवघड असते. एकाच हॉलमध्ये मराठी, तेलुगू आणि दखनी हिंदी असे तीन भाषांचे कान बसलेले असतात आणि तिघांनाही आपले गाणे हवे असते.

रस्त्यावरचा पितळी वाद्यांचा बँड आणि स्टेजवरचा ऑर्केस्ट्रा यांच्यात जो फरक आहे, तिथूनच यादीचा विचार सुरू होतो. बँडमध्ये शब्द नसतात. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम आणि ढोल यांतून फक्त चाल ऐकू येते, आणि चाल वरातीला चालणारी असली की शब्दांत काय आहे याची कोणी चौकशी करत नाही. ‘नया दौर’ (१९५७) मधले ओ. पी. नय्यर यांचे ‘ये देश है वीर जवानों का’ हे देशाची थोरवी सांगणारे गाणे. त्यात नवरा नाही, नवरी नाही, मांडव नाही. पण पडद्यावर ते भांगड्याच्या ठेक्यावर नाचले गेले आणि तेवढ्या भांडवलावर ते देशभरच्या वरातींत कायमचे शिरले. ‘नागिन’ (१९५४) मधल्या बिनेची कथा तर आणखी गमतीची. ती बीन मुळात बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून ती उभी केली होती. पुढे क्लॅरिनेटवाल्यांनी ती उचलली आणि रुमालाची पुंगी करून रस्त्यावर लोळणाऱ्या वऱ्हाड्यांची सोय झाली.

गाणारा माणूस माइकसमोर उभा राहिला की शब्द परत येतात आणि यादी एकदम आखडते. ‘मिलन’ (१९६७) मधले मुकेशचे ‘मुबारक हो सब को’ हे नावावरून अभिनंदनाचे गाणे वाटते. बँडवाला ते बिनधास्त वाजवू शकतो. गायकाने ते पूर्ण म्हटले तर दुसऱ्याच ओळीत कळते, की मुबारकबाद देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. अशी गाणी हिंदी सिनेमात डझनांनी आहेत. लग्नाच्या प्रसंगावर बेतलेली, शहनाई आणि मंडपाने नटलेली, पण गाणारा हरलेला प्रियकर. चाळणीची पहिली जाळी म्हणून यादी करणारा मुखड्याबरोबर पहिला अंतराही वाचतो. सगळे अंतरे वाचणारा त्याहून शहाणा, कारण हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसलेल्या आत्या-मावश्यांना तिन्ही अंतरे पाठ असतात.

या चाळणीतून सुखरूप उतरलेली थोडी गाणी मग पिढ्यानपिढ्या टिकतात. ‘सूरज’ (१९६६) मधले ‘बहारों फूल बरसाओ’ हे त्यांतले ठळक. शंकर-जयकिशन यांची चाल, हसरत जयपुरी यांचे शब्द, महंमद रफींचा आवाज. शब्द स्वागताचे, लय चालत येण्याजोगी, आणि सुरुवातीच्या वाद्यवृंदातच समारंभाचा थाट आहे. वधूवर हॉलच्या दारातून स्टेजपर्यंत येतात तेवढ्या वेळात ते बरोबर मावते. हैदराबादकरांना त्यात आणखी एक हक्क वाटायला हरकत नाही: जोडीतले शंकर हैदराबादेत वाढले होते आणि त्यांना तेलुगू येत होती. ‘श्री ४२०’ (१९५५) मधल्या ‘रमैया वस्तावैया’ या मुखड्यातली तेलुगू तिथूनच आली. हिंदी सिनेमाचे गाणे, तेलुगू मुखडा, आणि मराठी वऱ्हाडातल्या आजी-आजोबांनाही तोंडपाठ. हैदराबादी हॉलसाठी एवढे सोयीचे गाणे दुसरे सापडणे कठीण.

तीन भाषांचा हॉल

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबादकडची मंडळी राजधानीत नोकरीला, वकिलीला, शिक्षणाला आली आणि इथेच राहिली. १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या शाळेने त्यांची मराठी टिकवली. दरबारची भाषा उर्दू होती आणि बाजाराची दखनी. हिमायतनगरचे नावच सातव्या निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह, म्हणजे मीर हिमायत अली खान, यांच्यावरून आले आहे. त्यांचे धाकटे बंधू मोअज्जम जाह शायर होते. त्यांच्या दरबारात विठ्ठलराव या गायकाने लहान वयात गझला गायिल्या आणि पुढे हैदराबादी गझलेचे ते मोठे नाव झाले. विठ्ठल नावाचा माणूस उर्दू गझलेचा उस्ताद होतो, यात या शहराला काही नवल वाटत नाही. म्हणूनच इथल्या जुन्या मराठी घरात लग्नाच्या जेवणावेळी गझल लावली तर ती परकी ठरत नाही. पुण्याच्या हॉलमध्ये तिच्या जागी सुधीर फडके किंवा अरुण दाते येतात; इथे दोन्ही चालतात आणि दोन्ही अपेक्षित असतात.

तरुण पिढीचा मामला वेगळा. तिचे शिक्षण आणि मैत्री या शहरातली, आणि नाचायची गाणी तेलुगू. ‘अला वैकुंठपुरमुलो’ (२०२०) मधले ‘बुट्ट बोम्मा’, ‘आरआरआर’ (२०२२) मधले ‘नाटु नाटु’ ही गाणी मराठी नवरदेवाच्या मित्रांना शब्दांसकट येतात. ‘नाटु नाटु’च्या दोन गायकांपैकी राहुल सिप्लिगंज हा हैदराबादचाच. २०२३ मध्ये ऑस्कर मिळाल्यावर ते गाणे तेलुगू न जाणणाऱ्या वऱ्हाडालाही ओळखीचे झाले. ऑर्केस्ट्राच्या दृष्टीने मात्र ते अवघड आहे. वेग जबरदस्त, शब्द दाट, आणि सलग दोन-तीन मिनिटे श्वास घ्यायला जागा नाही. बरेच ऑर्केस्ट्रे त्यातला नाचाचा भागच घेतात आणि पुढच्या गाण्यात उडी मारतात.

मराठीचा वाटा इथे संख्येने कमी पण जागेने मोठा असतो. ‘सैराट’ (२०१६) मधल्या ‘झिंगाट’ने हा प्रश्न बराच सोपा केला. अजय-अतुल यांच्या या गाण्याला भाषेचा अडसर उरला नाही, आणि २०१८ मध्ये ‘धडक’मधून ते हिंदीतही गेले. तरी हैदराबादच्या मराठी लग्नात हिंदी झिंगाट म्हणणारा गायक वधूच्या मामांची नाराजी ओढवून घेतो. बारा महिने दुसऱ्या भाषांत वावरणाऱ्यांना या एका संध्याकाळी आपल्या भाषेचे शब्द हवे असतात. ‘जत्रा’ (२००६) मधल्या ‘कोंबडी पळाली’चेही तसेच. तीच चाल ‘अग्निपथ’ (२०१२) मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली, त्यामुळे ऑर्केस्ट्राला एक युक्ती मिळाली: मुखडा मराठीत, दुसरा फेरा हिंदीत. ठेका तोच राहतो, नाचणारे थांबत नाहीत आणि दोन्ही बाजू खूश होतात. ही युक्ती यादीत एकदाच वापरावी. दुसऱ्यांदा ती ओळखू येते.

या तिन्ही भाषांच्या खाली शहराचा स्वतःचा ठेका आहे, आणि तो न येणारा तालवाद्यवाला हैदराबादेत टिकत नाही. निजामाच्या फौजेतले आफ्रिकी सिद्दी आणि हद्रमौतकडून आलेले अरब यांनी मरफा हा ठेका इथे आणला. ए. सी. गार्ड्स आणि बारकस या वस्त्यांशी तो जोडलेला आहे. मरफा नावाचेच वाद्य, डफ, ढोल आणि काठीने वाजवायचे भांडे अशा साध्या सामग्रीवर तो उभा आहे आणि आज तो मुसलमान, हिंदू अशा सगळ्यांच्या वरातीत वाजतो. त्याच्या जोडीला तेलंगणाचा डप्पू आणि त्याचा तीनमार ठेका. हॉलमधला ऑक्टोपॅडवाला शेवटच्या अर्ध्या तासात गाणे संपवून नुसता तीनमार धरतो, तेव्हा जे आधी खुर्च्यांवरून उठले नव्हते तेही उठतात. इथे कोणतेच गाणे नसते, तरी ही जागा यादीत लिहून ठेवलेली असते.

प्रसंगाप्रमाणे गाणी

यादी गायकाच्या आवडीने होत नाही, समारंभाच्या क्रमाने होते. हळदीला ऑर्केस्ट्रा क्वचितच असतो. असला तर ढोलकी, कीबोर्ड आणि एक बाई गाणारी, आणि गाणी कोळीगीतांच्या अंगाची. मुसलमान घरांत मांझा आणि सांचक या लग्नाआधीच्या विधींना बायका स्वतः ढोलक घेऊन दखनी ‘ढोलक के गीत’ म्हणतात. तिथे बाहेरच्या गायकाला काम नाही. मुहूर्ताच्या वेळी ऑर्केस्ट्राने गप्प बसायचे असते. मंगलाष्टके, मग सनई-चौघडा. तेलुगू लग्नात नादस्वरम् आणि डोलूवाले मंगळसूत्राच्या क्षणी जो एकदम कडकडाट करतात, तो गट्टी मेळम्. अशुभ आवाज कानावर पडू नये म्हणून तो वाजवतात. मराठी-तेलुगू लग्नात दोन्ही पद्धती मागेपुढे होतात आणि ऑर्केस्ट्रावाले स्टेजच्या कडेला चहा पीत उभे असतात.

‘संगीत’ हा कार्यक्रम मराठी लग्नात अलीकडचा. तो आला सिनेमातून. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये चौदा गाणी होती आणि त्यातला बराच भाग लग्नाच्या विधींभोवती फिरत होता. संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. पुढच्याच वर्षी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला. उत्तरेकडची मेहंदी, जोडे लपवणे, संगीत हे सगळे या दोन चित्रपटांनी मराठी आणि तेलुगू घरांत आणून सोडले, आणि एका मराठी माणसाच्या चाली त्या आयातीच्या केंद्रस्थानी होत्या. संगीतच्या यादीत ऑर्केस्ट्राचे स्वातंत्र्य सर्वांत कमी असते. नाच आधीच बसवलेले असतात, नाचणाऱ्या भावंडांनी मूळ रेकॉर्डिंगवर सराव केलेला असतो. ऑर्केस्ट्राने मध्ये एक आवर्तन जास्त घेतले तर स्टेजवरच्या सहा जणांचे हात सहा दिशांना जातात. अशा नाचांसाठी मूळ ट्रॅक लावावा आणि मधल्या जागा जिवंत गाण्यांनी भराव्यात, हे अनुभवी मंडळी आधीच ठरवून घेतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सोळा मात्रांत एखादी मात्रा चुकवणारा जिवंत वाद्यवृंद नाचणाऱ्याच्या काही उपयोगाचा नसतो.

स्वागत समारंभ हीच ऑर्केस्ट्राची खरी जागा. पाहुणे येत असतात, वधूवर उभे असतात, आहेर आणि फोटो चालू असतात आणि कोणीही पूर्ण लक्ष देऊन ऐकत नसते. पहिला तास बसून ऐकण्याच्या गाण्यांचा: पाडगावकर-खळे यांचे ‘शुक्रतारा’, रफी-लता यांची युगुलगीते, एखादी गझल, आणि तेलुगू पाहुण्यांसाठी ‘सीताराम कल्याणम्’ (१९६१) मधले पी. सुशीला यांचे सीतारामाच्या लग्नाचे गाणे, जे आंध्र-तेलंगणात लग्न म्हटले की आठवतेच. या तासात आवाज संभाषणाच्या खाली ठेवायचा असतो. ही गोष्ट निवडीशी बांधलेली आहे. जे गाणे हळू आवाजात मरते ते इथे घेऊ नये. ढोल-ताशाच्या जोरावर उभे असलेले गाणे बारीक आवाजात केविलवाणे होते. सुरावटीवर उभे असलेले टिकते.

जेवणानंतर पंगत आणि बुफे यांच्यातला फरक यादीलाही लागू होतो. पंगतीत सगळे एकदम बसतात, एकदम उठतात, म्हणून गाण्यांची चढणही एकदम धरता येते. बुफेत माणसे तुकड्यातुकड्यांनी मोकळी होतात. नाचाची जागा भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळात एकदम जोराचे गाणे वाया घालवणे ही नवख्या मंडळींची नेहमीची चूक. मोकळ्या जागेसमोर ‘झिंगाट’ म्हणून झाले की ते रात्रीसाठी संपले.

पाठवणीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांचे ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे गाणे महाराष्ट्रातल्या बँडवाल्यांनी इतके वाजवले, की त्याचे पहिले चार सूर ऐकूनच वधूची आई रडायला लागे. हिंदीत तीच जागा ‘नीलकमल’ (१९६८) मधल्या ‘बाबुल की दुआएँ’ची. तेलुगू घरांत अप्पगिंतलूचा विधी असतो, मुलीचा हात सासरच्यांच्या हाती देण्याचा. आता मुली लग्नाआधीच बंगळूरला नाहीतर अमेरिकेत नोकरी करत असतात आणि पाठवणीनंतर दोन तासांनी त्याच हॉलमध्ये स्वागत समारंभाला परत येतात. तरी हे गाणे यादीतून जात नाही. काही घरे आता स्पष्ट सांगतात की रडवणारे गाणे नको. ऑर्केस्ट्राने ते आधी विचारून घ्यावे, आणि कोणाला विचारायचे हेही ठरवावे. वधूला आणि तिच्या वडिलांना वेगवेगळे विचारले तर उत्तरे वेगळी येतात.

पट्टी, वेग आणि माणसे

गाणे प्रसंगाला योग्य असूनही ऑर्केस्ट्राच्या आवाक्यात नसू शकते. पहिला अडथळा पट्टीचा. पुरुष गायकाला बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास सोयीचे पडते, बाईला काळी तीन ते काळी पाच. सिनेमातली गाणी मात्र त्या त्या गायकाच्या टोकाच्या सुरांवर बांधलेली असतात. अलीकडच्या पुरुष गायकांची गाणी तर मुद्दाम चढ्या पट्टीत असतात. स्टुडिओत एक ओळ दहा वेळा घेता येते. लग्नात तीन तासांत तीसच्या वर गाणी म्हणायची असतात. म्हणून अंतऱ्यातल्या सर्वांत वरच्या सुराकडे पाहून पट्टी ठरवावी, मुखड्याकडे पाहून नव्हे. रात्री उशिरा येणारे गाणे आणखी अर्धा किंवा एक सूर खाली घ्यावे. कीबोर्डवाल्याला हे काम एका बटणाने होते; बासरीवाल्याला दुसरी बासरी काढावी लागते आणि ढोलक चढवणाऱ्याला दोन गाण्यांच्या मध्ये वेळ लागतो. त्यामुळे एका पट्टीतली गाणी शेजारी ठेवणे सर्वांच्या सोयीचे.

युगुलगीत हे सर्वांत फसवे. एका पट्टीत दोघांना गायचे असते आणि ती पट्टी बहुधा एकालाच मानवते. मूळ संगीतकाराने पुरुषाच्या ओळी वरच्या आणि बाईच्या खालच्या सप्तकात बांधून हा तिढा सोडवलेला असतो. जिथे सोडवलेला नाही, तिथे मध्ये पट्टी बदलण्याची सोय शोधावी किंवा गाणे सोडून द्यावे.

दुसरा अडथळा वाद्यांचा. पूर्वी मोठ्या ऑर्केस्ट्राचा दिमाख वाद्यांच्या संख्येत असे. पुण्याचा ‘मेलडी मेकर्स’, कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू बाबला यांचा वाद्यवृंद यांनी स्टेजवर सिनेमाचा पूर्ण ताफा उभा केला होता. आता आठ-दहा माणसे म्हणजे भरपूर: दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला, गिटार, बेस, गायक-गायिका आणि निवेदक. पाच जणांतही काम भागवतात. ‘सैराट’च्या पार्श्वभूमीचा सिंफनी ताफा अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला; हिमायतनगरच्या हॉलमध्ये त्याचे सगळे काम एका कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला करावे लागते. मग एवढ्या छोट्या ताफ्याने कोणती गाणी घ्यायची? ज्यांची ओळख ठेक्यावर किंवा एखाद्या छोट्या पीसवर आहे ती. गाण्याच्या सुरुवातीचा चार सेकंदांचा पीस लोकांना शब्दांइतकाच पाठ असतो. तो अचूक वाजला की बाकीच्या उणिवा झाकल्या जातात. तो चुकला तर गायक कितीही चांगला असो, गाणे दुसरेच वाटते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावणाऱ्या जुन्या तबकड्यांमुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची बहुतेक गाणी साडेतीन मिनिटांच्या आत आहेत. नवी गाणी साडेचार-पाच मिनिटांची असली तरी लग्नात ती चारच्या पुढे नेऊ नयेत. गाण्यामागे निवेदन आणि बदलासाठी एक मिनिट धरले तर तासाला बारा गाणी, तीन तासांना छत्तीस. यादी साठ गाण्यांची असावी, कारण कोणती छत्तीस लागतील हे हॉल सांगतो.

नाचाच्या भागात एक-एक गाणे मोडून म्हणण्यापेक्षा मेडली करतात. दोन-तीन अंतऱ्यांऐवजी फक्त मुखडे, ठेका न तोडता. गाण्यांची पट्टी आणि वेग जुळत असेल तरच हे बसते. केरव्यातून कोळी ठेक्यात जायचे तर मध्ये ढोलकीचा तुकडा टाकावा लागतो. वेग हळूहळू वाढवावा. वीस मिनिटांपेक्षा जास्त मेडली चालवली की नाचणारे दमतात आणि मग ते बसतात ते बसतातच. दर मेडलीनंतर एक हळू गाणे ठेवतात ते वधूवरांसाठी, असे जाहीर केले जाते. त्याचा खरा उपयोग काकालोकांना दम घ्यायला होतो.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या हा यादीचा शत्रू आणि आधारही. तीन चिठ्ठ्यांपैकी एक बहुधा गाण्याचे नाव चुकवून लिहिलेली असते, एक त्याच गाण्यासाठी असते जे नुकतेच झाले, आणि उरलेली खरोखर चांगली असते. चिठ्ठी निवेदकाने घ्यावी, गायकाने नव्हे. गायक तोंडावर नाही म्हणू शकत नाही. निवेदक ‘पुढे घेतो’ म्हणून ती खिशात ठेवू शकतो. घरच्यांनी आधीच दिलेली न म्हणायच्या गाण्यांची यादीही त्याच्याच खिशात असावी. तिच्यात बहुधा वधूच्या नावावरचे एखादे थट्टेचे गाणे, दारूची गाणी आणि घरातल्या कोणा गेलेल्या माणसाचे आवडते गाणे असते.

गोव्याचा नमुना

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत यादीचा पाया वेगळा आहे. तिथे गाणी प्रसंगाबरोबर नाचाच्या पावलांवर लावली जातात. वधूवरांचा प्रवेश मार्चवर, मग केक, टोस्ट, वधूवरांचा पहिला वॉल्ट्झ, त्यानंतर जोडप्यांचे नाच: फॉक्सट्रॉट, जाइव्ह. एका प्रकारची दोन-तीन गाणी सलग येतात, म्हणजे जोडीदाराला पाऊल बदलावे लागत नाही. शेवटाकडे कोंकणी गाण्यांची झपाट्याची मेडली, जिला तिथे ‘मसाला’ म्हणतात, आणि तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सगळे रिंगणात असतात. हे जमते कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांनी मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली. याच शाळांतून आलेले वादक मुंबईच्या नाचघरांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी तर नाचाच्या बँडमधूनच उभी राहिली.

हैदराबादच्या शेजारी सिकंदराबादेतही पाश्चात्त्य नाचाची परंपरा होती. छावणी, रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबे आणि १८७८ साली सुरू झालेला सिकंदराबाद क्लब यांनी ती पोसली. तिथे नाताळ आणि नववर्षाच्या नाचाला वाजवणाऱ्या बँडला गोव्यासारखाच हिशेब करावा लागतो. मराठी लग्नातल्या ऑर्केस्ट्राने या पद्धतीतून उचलण्याजोगी गोष्ट म्हणजे गाणी सिनेमा किंवा साल पाहून न लावता नाचाची चाल पाहून लावणे. ‘जुनी गाणी’ आणि ‘नवी गाणी’ असे दोन गठ्ठे केले की म्हातारे एका तासात आणि तरुण दुसऱ्या तासात नाचतात. चालीवर लावले की दोघे एका वेळी उठतात.

कायदा आणि हंगाम

यादीची शेवटची हद्द कायदा ठरवतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. बंद सभागृहाच्या आतल्या आत तो वाजवता येतो. लॉनवरच्या लग्नात म्हणून सगळी यादी दहाच्या आत संपवावी लागते, आणि पाहुणेच नऊला येत असतील तर पहिला बसून ऐकण्याचा तास कापून थेट नाचाला हात घालावा लागतो. बंद हॉलच्या भाड्याचा विचार करताना हा फरकही मोजावा.

दुसऱ्यांची गाणी म्हणायची तर परवानगी लागते का, हा प्रश्न लग्नघरांत वारंवार येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) धार्मिक समारंभात केलेल्या सादरीकरणाला सूट देते, आणि लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित इतर सामाजिक कार्यक्रम त्यात येतात, असे स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेले आहे. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ रोजी सूचना काढून याची आठवण करून दिली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्याच अर्थाचे परिपत्रक काढले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले. परिपत्रकातून कायद्याची कक्षा ठरवता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. कलम जसे होते तसे कायम आहे. तिकीट लावून केलेल्या नववर्षाच्या नाचाला ही सूट मिळत नाही. तिथे आयपीआरएससारख्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो, आणि तो आयोजकाने काढायचा की ऑर्केस्ट्राने, हे सुपारी घेतानाच लिहून घ्यावे.

यादी बदलण्याचा काळही ठरलेला आहे. मराठी आणि तेलुगू पंचांगांत महिना अमावास्येला संपतो, म्हणून आषाढ दोघांकडे एकाच वेळी येतो आणि दोघांकडेही तो लग्नाला बहुधा टाळला जातो. तेलुगू घरांत श्रावणात मुहूर्त पुन्हा सुरू होतात. मराठी घरांत चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागेपर्यंत थांबतात. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत लग्ने टाळण्याचे काळ वेगळे: मोहरम चांद्र वर्षाबरोबर मागे सरकत जातो आणि ईस्टरआधीचा लेंट वसंतात येतो. त्यामुळे हैदराबादच्या ऑर्केस्ट्राला जवळजवळ मोकळा असा एकच महिना मिळतो, आषाढ. तालमी त्यातच होतात. गेल्या हंगामात ज्या गाण्याला नाचाची जागा रिकामी राहिली ते काढायचे, ज्याच्या तीन चिठ्ठ्या आल्या ते बसवायचे, नव्या गायिकेच्या पट्टीप्रमाणे युगुलगीते पुन्हा लिहायची, आणि श्रावणातल्या पहिल्या तेलुगू लग्नात ती यादी म्हणून पाहायची.